एकही रकाना रिकामा नाही

एकदा एक तारमास्तर होते. तार बंद झाली, मास्तर उरले. तालुक्याच्या गावी, जुन्या तारघराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या एका खोलीत त्यांनी उतारवयात वेगळाच उद्योग मांडला होता. कोणाच्या लग्नाचे फोटो उघडेनासे झाले, कोणाचा प्रबंध संगणकाने गिळला, कोणी कित्येक वर्षांचे काम दाबून एका झिप फाइलमध्ये बांधून ठेवले आणि ते गाठोडे पुढे सुटेना, की माणसे त्यांच्याकडे येत. मास्तर बिघडलेल्या फाइली दुरुस्त करून देत. खोलीत दोन संगणक होते. गिरणी सुरू असली की दोन्हींवर पिठाची पातळ साय धरे, आणि मास्तर ती दर तासाला पंचाने पुसत.

त्यांच्याकडे एक शिष्या होती. वय सव्वीस. पॉलिटेक्निक झालेली, दोन वर्षे पुण्यात नोकरी केलेली, वडिलांच्या दुखण्यामुळे गावी परतलेली. हात चलाख, बुद्धी त्याहून चलाख. गुरूविषयी तिच्या मनात आदर होता. तक्रार होती ती गुरूच्या सॉफ्टवेअरविषयी.

ते फार जुने होते. बिघडलेल्या फाइलचा एकेक तुकडा ते सात-सात वेळा वाचे. सातही वेळा एकच उत्तर आले तर ते लिहून घेई आणि पुढे सरके. उत्तर जुळले नाही तर ती जागा रिकामी ठेवी आणि मगच पुढे सरके. पडद्यावरची निळी पट्टी सकाळी अकरा टक्क्यांवर असली तर दुपारी बारावर असे. ‘उरलेला वेळ’ म्हणून तिच्याखाली जो आकडा येई, त्याच्याकडे तर शिष्येने बघणेच सोडले होते. आत्ता चार मिनिटे, चहाचा कप संपेतो एकोणीस तास, कप विसळून ठेवावा तो पुन्हा सात मिनिटे.

“मास्तर, ही पट्टी काल संध्याकाळपासून एकतीसवर आहे,” ती म्हणे.

“असू दे.”

“गोगलगाय एव्हाना बाजार करून परत आली असती.”

“गोगलगायीला बाजारात विचारलं तर तिला वाटेतला दगडन्‌दगड सांगता येईल,” मास्तर म्हणत आणि पंचा झटकत.

अशा उत्तरांनी तिचे समाधान होत नसे. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभे आहे, आणि आपण त्याला दगडांच्या गोष्टी सांगतो आहोत, असे तिला वाटे.

एका सोमवारी सकाळी बाजारपेठेतले भांड्यांचे व्यापारी आले. दुकान पितळी आणि स्टीलच्या भांड्यांचे, पण गावात त्यांची ओळख निराळीच होती. बावीस वर्षांमागे त्यांच्या धाकट्या भावाला अपघात झाला, वेळेवर रक्त मिळाले नाही, आणि तो गेला. तेव्हापासून शेठ रक्तदात्यांची यादी ठेवीत आले होते. नाव, फोन, रक्तगट. शिबिर झाले की नव्या नावांची भर. तालुक्यात कोठेही रक्ताची गरज लागली की दवाखान्यातून पहिला फोन शेठना जाई, आणि शेठ यादी उघडून तासाभरात माणूस उभा करीत. यादीत चार हजार तीनशे बारा नावे होती.

“शनिवारी व्होल्टेज वाढलं आणि दुकानातला संगणक जळाला,” शेठ म्हणाले. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि देवापुढे ठेवावा तसा टेबलावर ठेवला. “ह्यात दर महिन्याला झिप करून ठेवत होतो. आज उघडायला गेलो तर म्हणतो, फाइल खराब आहे.”

“दुसरी प्रत?” शिष्येने विचारले.

“ही दुसरीच आहे, ताई. पहिली जळाली.”

मास्तरांनी विचारले, “घाई किती आहे?”

शेठ एरवी मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ. आता त्यांचा आवाज उतरला. “वीटभट्टीच्या मुकादमाच्या सुनेचे दिवस भरलेत. बाळाची वार खाली आलीय म्हणतात. शुक्रवारी सकाळी पोट उघडणार. रक्त फार जाईल असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलंय. तिचा गट ओ निगेटिव्ह. तिला दुसऱ्या कुठल्याच गटाचं चालत नाही. जिल्ह्याच्या रक्तपेढीत एक पिशवी आहे. मला म्हणाल्या, शेठ, त्या गटाची चार माणसं हाताशी ठेवा. मी हो म्हणून बसलोय.”

“त्या गटाचं कोणी आठवतं का?”

“सुरुवातीच्या यादीतले सहा पाठ आहेत. त्यांतले दोघे वारले, तिघे पासष्टीच्या पुढे गेले, एक गुजरातेत मुलाकडे असतो. बावीस वर्षांत माझा शब्द एकदाही खाली पडला नाही, मास्तर.”

मास्तरांनी पेन ड्राइव्हची एक प्रत जुन्या संगणकावर घेतली आणि सॉफ्टवेअर सुरू केले. निळी पट्टी शून्यावरून निघाली. दुपारी ती तीन टक्क्यांवर होती. मंगळवारी सकाळी अडतीसवर आली आणि तिथेच बसली.

त्या दिवशी मास्तरांना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे होते. तारीख दोन महिन्यांमागे मिळालेली. निघताना ते म्हणाले, “ह्याला हात लावू नकोस. चालू दे. मी गुरुवारी सकाळी येतो.”

“आणि गुरुवारीही हे अडतीसवरच असलं तर?”

“तर शेठना सांगायचं, अडतीसवर आहे.”

ते गेले. शिष्या पट्टीकडे बघत बसली. अकरा वाजले, बारा वाजले. पट्टी हलली नाही. शेठचा माणूस दोनदा विचारून गेला. तिच्या डोळ्यांपुढे ती न पाहिलेली बाई येऊ लागली. गुरूने जुन्या संगणकाला हात लावू नको म्हटले होते. नव्या संगणकाविषयी काही म्हटले नव्हते. तिने फाइलची आणखी एक प्रत घेतली आणि नव्या संगणकावर एक नवे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. ‘कोणतीही फाइल, काही मिनिटांत’ असे त्याच्या कपाळावरच लिहिलेले होते.

सहा मिनिटे लागली. हिरवी पट्टी एका श्वासात शंभरावर गेली आणि पडद्यावर अक्षरे आली: दोष सापडले ४,०२४. दुरुस्त केले ४,०२४. यशस्वी.

तिने यादी उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नावे, फोन, रक्तगट. एकही रकाना रिकामा नाही. ओ निगेटिव्ह वेगळे काढले तर एक्क्याण्णव माणसे निघाली. तिने छापील प्रत काढली आणि ती दुकानात स्वतः नेऊन दिली.

शेठनी पाने उलटून पाहिली. “सगळी आली?”

“सगळी. एकही रकाना रिकामा नाही.”

शेठनी लगेच फोन उचलला. ती दुकानातून उतरत होती तोवर मागे त्यांचा नेहमीचा मोठा आवाज घुमू लागला होता. बुधवारी त्यांनी खोलीवर पेढे पाठवले, आणि निरोप: चार माणसे ठरली. ती घरी गेली तेव्हा वडिलांनीसुद्धा विचारले, आज एवढी खूश का.

गुरुवारी सकाळी मास्तर आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात औषधाच्या थेंबांची बाटली. शिष्येने सारे सांगितले. सांगताना तिच्या आवाजात थोडा विजय होता. तो तिने लपवला नाही. मास्तरांनी पेढा खाल्ला. ते रागावले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. जुन्या संगणकावरची पट्टी आता सत्त्याण्णववर होती. त्या पट्टीकडे एका डोळ्याने बघून ते आपल्या कपाटाकडे वळले, एक पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाले, “ह्यातली पावसाची फाइल तेवढी तुझ्या नव्याकडून दुरुस्त करून दे.”

मास्तर गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज पाऊस मोजतात, हे तिला माहीत होते. बारा वर्षांची नोंद होती. तिने फाइल नव्या सॉफ्टवेअरला दिली. दोन मिनिटे. दोष सापडले ३,८४२. दुरुस्त केले ३,८४२. यशस्वी.

“मास्तर, फारच बिघडली होती हो. बरं झालं दिलीत.”

“कुठं बिघडली होती?”

“म्हणजे? जवळजवळ सगळीच.”

“तू उघडून बघितली होतीस?”

“नाही.”

“का?”

“तुम्ही दुरुस्त करायला दिलीत ना.”

“मी दिली म्हणून ती बिघडलेली?” मास्तरांनी मूळ फाइल तिच्या समोर उघडली. ती सहज उघडली. “ही धडधाकट आहे. सोमवार रात्रीपर्यंतची नोंद हिच्यात मीच केलीय. आता तुझी दुरुस्त झालेली उघड. ह्या वर्षीच्या महाशिवरात्रीला काय लिहिलंय बघ.”

तिने पाहिले. महाशिवरात्रीला एकेचाळीस मिलिमीटर पाऊस लिहिला होता. ज्या गावात फेब्रुवारीत ढगसुद्धा वाट चुकून येतो, त्या गावात एकेचाळीस. होळीला सतरा. गुढीपाडव्याला त्रेसष्ट. एकही दिवस कोरडा नव्हता.

तिला प्रथम काही कळेना. मग हळूहळू कळू लागले. पाऊस पडला नाही त्या दिवशी मास्तर रकाना कोरा ठेवीत. सॉफ्टवेअरला प्रत्येक कोरा रकाना हा दोष वाटला होता. त्याने खालचे आकडे वर ओढले, पुढच्या आषाढाचा पाऊस मागच्या फाल्गुनात नेऊन ओतला, आणि शेवटी आकडे कमी पडले तेव्हा पहिल्यापासून तेच पुन्हा वाढले. आणि मग स्वतःच स्वतःला यशस्वी म्हटले.

तेवढ्यात जुन्या संगणकाने हळूच एक आवाज केला. निळी पट्टी शंभरावर आली होती. खाली दोन ओळी होत्या. नावे आणि फोन: सर्व वाचले. रक्तगट: वाचले २८८, रिकामे ४,०२४.

चार हजार चोवीस. हाच आकडा तिने मंगळवारी हिरव्या अक्षरांत वाचला होता. दुरुस्त केले ४,०२४.

ती ताडकन उभी राहिली. यादीतली नावे खरी होती, फोन खरे होते, आणि पहिले दोनशे अठ्ठ्याऐंशी सोडले तर कोणाच्याही नावापुढचा रक्तगट त्याच्या नोंदीतला नव्हता.

“मास्तर, तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं नाही. तू म्हणालीस एकही रकाना रिकामा नाही, तेव्हा शंका आली. बावीस वर्षांच्या यादीत असं कधी होतं का? कोणाचा गट लिहायचा राहतो, कोणी सांगत नाही. एवढी भरगच्च यादी माणसाच्या हातची नसते.” मास्तर खाली बसले. “पोरी, पस्तीस वर्षं मी तार घेतली. वादळात लाइन गुरगुरायला लागली की मधला एखादा शब्द बुडायचा. नवखा होतो तेव्हा हात शिवशिवायचा. पुढचा-मागचा शब्द धरला की अंदाज सहज बसतो. पण तशी आम्हाला परवानगी नव्हती. न कळलेल्या शब्दापुढं रेघ ओढायची आणि पाठवणाऱ्याला थांबवून पुन्हा मागायचा. तेही, ‘तू अमुक म्हणालास ना’ असं विचारायचं नाही. पलीकडचा थकलेला असतो, हो म्हणून मोकळा होतो. त्याच्याच हातून पुन्हा पाठवून घ्यायचा. उशीर व्हायचा, गिऱ्हाईक खिडकीत बोंबलायचं. पण रेघ दिसली की प्रत्येकाला कळायचं, इथं विचारायचं राहिलंय. तुझ्या यादीत विचारायला जागाच राहिली नाही.”

ती पुढचे ऐकायला थांबली नाही. चपला घालायच्या राहिल्या तशीच बाजारपेठेकडे धावली.

दुकानात शेठ एका माणसाला चहा पाजत होते. तो टेम्पो चालवणारा भानुदास कोळेकर. ठरलेल्या चौघांपैकी एक.

“या ताई,” शेठ म्हणाले, “हे आपले उद्याचे पहिले मानकरी.”

धाप आवरत तिने भानुदासला विचारले, “दादा, तुमचा रक्तगट कोणता?”

“ओ निगेटिव्ह.”

“कोणी सांगितलं?”

“शेठनी. मंगळवारी फोन आला न्हवं का.”

“आणि त्याच्याआधी?”

“त्याच्याआधी...” भानुदासने बशीतला चहा संपवला. “आता ते म्या कशाला ध्यानात ठिवू? शेठकडं लिवलेलं असतंय. आमच्या वस्तीवर म्हणत्यात, आपल्या अंगातलं रगत आपल्यापरीस शेठला जास्त ठावं.”

“रक्तपेढीचं कार्ड आहे का?”

“हाय की. टेम्पोत, देवीच्या फोटूमागं.”

तो उठून गेला. शेठ तिच्याकडे बघत राहिले; तिच्या चेहऱ्यावरून त्यांनी काहीतरी ओळखले असावे, कारण हातातला फोन त्यांनी गल्ल्यावर पालथा ठेवला. भानुदास कार्ड घेऊन आला. ते अंगाऱ्याने माखले होते. त्याने ते अंगठ्याने पुसले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि शेवटी तिच्याच हाती दिले.

बी पॉझिटिव्ह.

शेठ उभ्याचे खाली बसले. खाली स्टूल नव्हते. पातेल्यांची चळत होती, ती त्यांच्या वजनाने घसरली आणि ताटांवर जाऊन आदळली. तरी ते तसेच बसून राहिले.

“मी चौघांनाही विचारलं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही ओ निगेटिव्ह ना, म्हटलं. चौघंही हो म्हणाले.”

“शेठ, तुम्ही म्हणला म्हणून म्हणलो,” भानुदास ओशाळून म्हणाला. “तुमास्नी खोटं कसं पाडायचं?”

उरलेल्या तिघांना फोन लावले. एकाचे कार्ड ए पॉझिटिव्ह निघाले, एकाचे ओ पॉझिटिव्ह. तिसऱ्याचे सापडेना, त्याने बायकोला विचारले आणि बायकोने ठामपणे सांगितले की त्या दोघांचा गट एकच, एबी, म्हणून तर पत्रिका न बघता लग्न केले.

रक्तपेढीत तपासणी झाल्याशिवाय कोणाचे रक्त कोणाला चढत नाही, एवढे बरे. पण उद्या सकाळी चौघेही रांगेत उभे राहिले असते, एकामागून एक परत पाठवले गेले असते, आणि तेव्हा आत टेबलावर बाईचे पोट उघडलेले असते. शेठना ते दिसत होते. आपल्या भावाच्या वेळी दवाखान्याच्या दारात उभे राहिलेल्या त्यांना ते जास्तच स्पष्ट दिसत असावे.

“ताई,” ते म्हणाले, “तुम्ही म्हणाला होतात, सगळी आली.”

“म्हणाले होते,” ती म्हणाली. “मी बघितलं नाही. नुसतं यशस्वी वाचलं.”

शेठ रागावले असते तर तिला सोपे गेले असते.

तेवढ्यात मास्तर भिंतीचा आधार घेत दुकानाची पायरी चढले. काखेत कागदांचा गठ्ठा होता. जुन्या सॉफ्टवेअरने दिलेली यादी त्यांनी छापून आणली होती. शेठनी वरचे पान उलटले, दहावे उलटले, शंभरावे उलटले. नाव, फोन, कोरे. नाव, फोन, कोरे.

“मास्तर, ही यादी आहे की चाळण?”

“चाळणच आहे. पण भोकं कुठं आहेत ते दिसतंय. आता किती वाजले?”

“साडेदहा.”

“फोन किती आहेत?”

शेठना जरा वेळाने अर्थ लागला. “चार हजार माणसांना फोन करायचा?”

“चौघं सापडेपर्यंत करायचा. शंभरात दोघं-तिघं ह्या गटाचे असतात असं डॉक्टर सांगतात. मात्र एक करायचं. आपण गट उच्चारायचा नाही. त्यांनाच कार्ड काढायला लावायचं, त्यांनाच वाचायला लावायचं, आणि त्यांनी वाचलं की आपण त्यांना परत म्हणून दाखवायचं. कार्ड नसेल त्याचा रकाना कोरा ठेवायचा आणि पुढं जायचं.”

भांड्यांच्या दुकानात चार माणसे चार बाजूंना फोन घेऊन बसली. शेठ, शिष्या, मास्तर, आणि ‘म्या काय नुसता बसू व्हय’ म्हणून भानुदास. गिऱ्हाईक आले तर शेठचा पुतण्या बघे. अर्ध्या तासात गलका इतका वाढला की समोरचा कापडवाला विचारून गेला, लिलाव कशाचा आहे.

शेठना सर्वांत कठीण गेले. बावीस वर्षांची सवय. “नमस्कार, मी भांडेवाला शेठ. तुम्ही ओ...” एवढे तोंडातून निघे आणि ते जीभ चावीत. “तुम्ही ओळखलंत ना मला? बरं. जरा आपलं कार्ड काढा आणि काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.” पलीकडून उत्तर येई, “तुमच्याकडं आहे की लिहिलेलं.” शेठ डोळे मिटून घेत आणि म्हणत, “नाही. माझ्याकडं नाही लिहिलेलं.” पहिल्या वेळी हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज फाटला. पंधराव्या वेळी तो नेहमीसारखा झाला होता.

शिष्येला एक बाई भेटल्या. “माझा गट? थांबा, ह्यांना विचारते. माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं त्यांचं म्हणणं असतं.” मागून पुरुषाचा आवाज आला, “ए पॉझिटिव्ह.” मग कपाट उघडल्याचा आवाज, आणि बाई परत आल्या. “बी निगेटिव्ह लिहिलंय. फोन जरा चालू ठेवा, त्यांना ऐकवते.”

पहिला ओ निगेटिव्ह बारा वाजता सापडला, मास्तरांना. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सरूबाई. मास्तरांनी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले. दुसरा दोन वाजता. त्यानंतर दोन तास कोणीच नाही. कोणी पाण्याच्या टाकीवर, कोणी शेतात मोटारीपाशी, कोणाला रेंज नाही, नंबर बदललेला, मुलगा म्हणतो बाबा गेले मागच्या वर्षी. अशा प्रत्येक नावापुढे शिष्या जे खरे ते लिहीत गेली. तिसरा सव्वाचारला भानुदासला मिळाला, तो फोन कानाला लावूनच उभा राहिला, आणि पलीकडच्याला म्हणाला, “पुन्यांदा वाचा, भाऊ. माझ्यापायी वाचा.” चौथा साडेपाचला. शेठनी त्याला विचारले, “कार्डावर तारीख काय? सही कोणाची?” आणि सगळे ऐकून घेतल्यावर फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसत राहिले.

चारशे अठरा फोन झाले होते.

शुक्रवारी सकाळी चौघेही हजर होते. चौघांची तपासणी झाली, चौघेही तेच निघाले जे त्यांनी वाचून दाखवले होते. रक्तपेढीतली एक पिशवी आणि दोघांचे रक्त लागले. उरलेले दोघे दुपारपर्यंत बाकावर थांबले. मुकादमाच्या सुनेला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत असा निरोप आला तेव्हा शिष्या खोलीत पंचाने संगणक पुसत होती. ती पुसतच राहिली.

पुढच्या सोमवारपासून ती रोज दुपारी दोन तास दुकानात जाऊन बसू लागली. तिला कोणी सांगितले नव्हते. उरलेल्या नावांना फोन लावायचा, कार्ड वाचून घ्यायचे, परत म्हणायचे, लिहायचे. दिवसाला साठ-सत्तर ओळी होत. असे दोन महिने जाणार होते. शेठनी एकदा विचारले, हे लवकर होईल असे काही सॉफ्टवेअर नाही का. आणि विचारून झाल्यावर स्वतःच मान हलवली.

अशाच एका दुपारी यादीत शेठचे स्वतःचे नाव आले. ती मान वर न करता म्हणाली, “शेठ, तुमचा गट?”

“ओ पॉझिटिव्ह. लिहा.”

“कार्ड?”

शेठ हसले. “अहो, बावीस वर्षं मी गावाला त्यांचे गट सांगतोय. मला कार्ड मागता?”

ती पेन्सिल कागदावर तशीच धरून बसली. शेठनी हसतच पाकीट उघडले. मग गल्ल्याचा खण. मग मागच्या भिंतीवरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा. हसू हळूहळू मावळत गेले. शेवटचे रक्त आपण कधी दिले ते त्यांना आठवेना. शिबिरे घेता-घेता स्वतः रक्त द्यायला आडवे व्हायचे राहूनच गेले होते. ओ पॉझिटिव्ह हे त्यांना कोणी आणि कधी सांगितले, हेही आठवेना.

“सापडत नाही,” ते म्हणाले.

शिष्येने त्यांच्या नावापुढचा रकाना कोरा ठेवला आणि पुढच्या नावाला फोन लावला. शेठ त्या कोऱ्या चौकोनाकडे काही वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी कोट चढवला, दुकान पुतण्यावर सोपवले, आणि तपासून घेण्यासाठी सरकारी दवाखान्याकडे चालू लागले.